दोनशे नव्वद वॅटची पेटी

कंपनीनेच जोडून विकलेला डेस्कटॉप संगणक उघडायचा, त्याला नवे कॅबिनेट आणि नवा वीजपुरवठा द्यायचा, चालण्याजोगे जुने भाग ठेवायचे आणि बाकीचे बदलायचे, हे काम बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत वर्षभर चालते. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथल्या दुरुस्तीच्या टेबलांवर येणारी यंत्रे बहुतेक डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क किंवा लेनोव्होची थिंकसेंटर असतात. त्यांचा पहिला मालक सहसा जिल्ह्यातला नसतो. मोठ्या शहरांतली कार्यालये काही वर्षे वापरून ती गठ्ठ्याने काढतात. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत ती पुसून-तपासून पुन्हा विकली जातात आणि तिथून फोटो स्टुडिओ, पत्रिका-फ्लेक्सची दुकाने, सेवा केंद्रे, टायपिंगचे वर्ग इथपर्यंत पोचतात. शहराने काढून टाकलेल्या यंत्रावर इथे एखाद्या कुटुंबाचा धंदा उभा असतो, म्हणून ते उघडताना हात जपून चालवावा लागतो.

पेटी उघडण्याची वेळ दोन कारणांनी येते. एक म्हणजे काम वाढते. लग्नाचे चित्रीकरण मोठ्या रिझोल्यूशनमध्ये होऊ लागले, अल्बमची एकेक फाइल जड झाली, आणि चार-आठ जीबी रॅमचे यंत्र प्रत्येक क्लिकला थांबू लागले. दुसरे कारण बाहेरून आले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. जिल्ह्यात जागोजाग दिसणारी ऑप्टिप्लेक्स ७०२० ही २०१४ च्या सुमाराची, चौथ्या पिढीची. यंत्र रोज सकाळी बिनतक्रार सुरू होते, पण एका तारखेनंतर ते जुने ठरते. ज्याला घासून-पुसून वापरायची सवय आहे त्या गिऱ्हाइकाला हे पटत नाही, आणि त्याचे न पटणे रास्तच आहे.

खामगावातल्या एका दुकानात हे काम अनेक वर्षे करणारा एक कारागीर आहे. त्याच्यासमोर यंत्र ठेवले की गिऱ्हाईक प्रोसेसर सांगते, रॅम सांगते, यूट्यूबवर पाहिलेल्या ग्राफिक कार्डाचे नाव सांगते. तो ते ऐकून घेतो, बाजूचा पत्रा सरकवतो, आणि आधी एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवतो. ७०२० च्या उभ्या टॉवरमध्ये तिथे २९० वॅट छापलेले असते. हा आकडा तो मोठ्याने वाचतो, थोड्या वेळाने पुन्हा वाचतो, आणि पुढचे सगळे बोलणे त्याच आकड्याभोवती फिरत राहते. २९० म्हणजे किती, त्यातले आधीच खर्च झालेले किती, उरलेले किती.

हिशेब कागदावर चार ओळींत मावतो. या टॉवरमध्ये सर्रास असणारा आय५-४५९० हा प्रोसेसर ८४ वॅटचा. स्टुडिओवाल्यांना हवे असलेले आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅटचे. दोन्ही मिळून २५४. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे तीस-चाळीस धरले की आकडा २९० ला भिडतो, आणि भिडलेल्या आकड्यावर रोज आठ तास काम घेता येत नाही. एनव्हिडियाने त्या कार्डासाठी ५५० वॅटचा वीजपुरवठा सुचवला आहे. त्याहून सरळ अडचण अशी की कार्डाला वेगळी वीज देणारी सहा किंवा आठ पिनची वायर या एसएमपीएसमधून निघतच नाही. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, तेवढ्यावर भागणारे कार्ड बसते. त्यापुढचे बसत नाही. गिऱ्हाईक एवढे ऐकले की गप्प होते. कार्ड आधीच मागवून झालेले असते तेव्हा ही शांतता जास्त वेळ टिकते.

या २९० च्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तो आकडा खरा असतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० लिहिलेले असते, पण प्रोसेसर आणि कार्ड ज्या १२ व्होल्टवर चालतात त्या बाजूला त्यातले निम्मेही धड मिळतील याची खात्री नसते. त्यामुळे २९० काढून फुकटातले ४५० बसवणे ही सुधारणा नव्हे. कारागीर दोन्ही डबे दोन हातांत तोलून दाखवतो. आतले ट्रान्सफॉर्मर, कॉइल, कपॅसिटर, उष्णता घेणारे ॲल्युमिनियम, सगळ्याला वजन असते. ज्यात ते कमी घातले तो डबा हलका लागतो. वजनावरून प्रत ठरवणे ही काही शास्त्रशुद्ध चाचणी नाही, पण फसवणूक उघडी पाडायला बहुधा तेवढे पुरते.

मग सफाई. यंत्र दुकानाच्या बाहेर ओट्यावर नेले जाते, कारण ब्लोअर लावताच जे उडते ते आत नको असते. घाटाखालच्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या, यंत्रांतली धूळ वेगळी असते. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. कापूस बंदराकडे नेता यावा म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेची शाखा १८७० मध्येच आली होती. आजही दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले की रुईचे बारीक तंतू हवेत असतात. काळ्या मातीची धूळ नुसती असती तर ब्लोअरने निघाली असती. तंतूंनी ती बांधली जाते आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या पात्यांमध्ये राखाडी थर होऊन बसते. वरून पंखा फिरताना दिसतो, खालच्या ॲल्युमिनियमपर्यंत हवा मात्र पोचत नाही. थर चिमट्याने पट्टीपट्टीने उचलावा लागतो. त्याला एक वास असतो, तापून तापून करपलेल्या कापसाचा आणि मातीचा, आणि तो कितीतरी वेळ टेबलाभोवती राहतो. कारागिराच्या म्हणण्याप्रमाणे ‘यंत्र हळू झाले’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी या थराबरोबरच निघून जातात. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. थर निघाला की तो पुन्हा पूर्वीसारखा चालतो.

इथे एक पायरी अशी येते की जिथे प्रामाणिक कारागीर आणि नुसता विक्रेता यांच्यातला फरक कळतो. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी लावली, रॅम १६ जीबी केली, सफाई करून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये नवी पेस्ट लावली, तर पत्रिका-पोस्टरच्या दुकानाला किंवा सेवा केंद्राला वेगापुरते नवे यंत्र घेण्याची गरज राहत नाही. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या पुढे. त्याहून मोठा फरक विखुरलेल्या लहान फाइली शोधण्यात पडतो, कारण तिथे तबकडी फिरण्याची आणि सुई सरकण्याची वाट पाहावी लागत नाही. ७०२० मध्ये रॅमचे चार स्लॉट आहेत आणि जुनी डीडीआर३ रॅम वापरलेल्या मालात मिळते. विंडोजचा प्रश्न तेवढा उरतो. ज्याचा शासकीय पोर्टलांशी, बँकेशी, लोकांच्या आधार क्रमांकांशी रोजचा संबंध आहे, त्याने सुरक्षा-अद्ययावतीकरण बंद झालेल्या प्रणालीवर बसू नये. त्याला बोर्ड बदलावाच लागतो.

बोर्ड बदलायचा ठरला की कंपनीच्या पेटीची खरी ओळख पटते. संगणकाच्या भागांची मापे १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स या मानकाने बरीचशी ठरून गेली आहेत. बोर्डाला भोके कुठे, मागचा पत्रा केवढा, वीजपुरवठ्याचा प्लग कसा, हे ठरलेले असल्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसतो. मोठ्या कंपन्यांनी आपल्या कार्यालयीन यंत्रांत यातले सोयीचे तेवढे घेतले. साध्या बोर्डावर मुख्य विजेचा प्लग २४ पिनचा असतो. ७०२० मध्ये तो ८ पिनचा आहे. एचपीच्या कित्येक मॉडेलांत ६ पिनचा, लेनोव्होच्या कित्येकांत १४ पिनचा. चालू-बंदच्या बटणाची वायर कंपनीच्या स्वतःच्या प्लगात जाते. काही मॉडेलांत कूलरचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन थेट पेटीच्या पत्र्यात बसतात, म्हणजे पेटी सोडली की कूलरही सुटला. मागच्या पोर्टांची चौकट वेगळी काढता येत नाही, ती पत्र्यातच कापलेली असते. पुढचा यूएसबी किंवा पुढचा पंखा जोडलेला नसला तर काही यंत्रे दर वेळी सुरू होताना इशारा देऊन एफ१ दाबायला लावतात.

या प्रत्येक गोष्टीमागे कंपनीकडे कारण आहे. कमी वायर, कमी स्क्रू, जलद जोडणी, कमी वीज. हजारो यंत्रे एकाच दिवशी जोडणाऱ्याला त्याचा फायदा होतो. पण यंत्र दुसऱ्या मालकाकडे जाईल, तिसऱ्याकडे जाईल आणि तेव्हा ते कोणाला तरी उघडावे लागेल, याचा विचार त्या आखणीत दिसत नाही. त्याची किंमत खामगावच्या टेबलावर मोजली जाते. २४ पिनचे ८ पिन करणारी केबल मिळते, बटणाच्या वायरी मीटरने तपासून नव्या प्लगात भरता येतात, कूलरसाठी वेगळी पट्टी लावता येते. कारागीर हे सगळे करतो. जुना बोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये टिकवण्यासाठी कधी अख्खी दुपार जाते, आणि तिची मजुरी मागताना त्यालाच अवघडल्यासारखे होते. म्हणून तो सल्ला देतो की कॅबिनेट आणि एसएमपीएस बदलणार असाल तर बोर्ड, प्रोसेसर, रॅमही बरोबरच बदला. नाहीतर जुन्या पेटीत जुना बोर्ड सुखाने राहू द्या. अर्धवट बदलात पैसे जातात आणि भरवसाही जातो.

नव्या संचाची निवड या बाजारात फार अवघड नसते. आय५-१२४०० सारखा सहा कोअरचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आणि एच६१० चिपसेटचा लहान बोर्ड ही जोडी स्टुडिओच्या कामाला बसते. एच६१० बोर्ड डीडीआर४ चे असतात आणि डीडीआर५ चेही. दोन्ही रॅमना २८८ पिन असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसऱ्यात जात नाही. आधीच्या डीडीआर३ ला २४० पिन. म्हणजे जुनी रॅम नव्या बोर्डावर चालेल ही आशा इथेच संपते.

कॅबिनेटच्या निवडीवर मात्र थांबावे लागते. दुकानात पुढून काचेची, आत रंगीत दिवे फिरणारी कॅबिनेट मांडलेली असतात, आणि तरुण गिऱ्हाईक तिकडेच वळते. बंद काचेमागे लावलेल्या पंख्याला हवा येते ती कडेच्या बोटभर फटीतून. वातानुकूलित खोलीत तेवढी पुरेल. बुलढाणा जिल्हा मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेने घाटावर आणि घाटाखाली असा दुभागला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर वर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. खाली मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या दुकानात त्याहून वर. बाहेरची हवा जितकी तापलेली, साधारण तितकीच चिप जास्त तापते. खोलीचे तापमान पंधरा अंशांनी चढले तर प्रोसेसरचेही तेवढे चढले असे धरावे. बाराव्या पिढीच्या या चिपची मर्यादा १०० अंश. हिवाळ्यात ६५-७० वर सुखाने चालणारे यंत्र मे महिन्याच्या दुपारी त्या मर्यादेच्या जवळ जाते. काचेमागे अडलेली हवा मग उरलेले अंतरही संपवते.

म्हणून घाटाखाली पुढून जाळीचे कॅबिनेट घ्यावे. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटीफटींतून धूळ ओढली जात नाही, जी येते ती पुढच्या गाळणीवर अडते. जाळी म्हणजे रुई आत येणार हा आक्षेप खरा आहे. पण गाळणी बाहेरून काढून झटकता येते, जिनिंगच्या दिवसांत आठवड्याला झटकावी, आणि कूलरच्या पात्यांत अडकलेला थर काढण्यापेक्षा ते कितीतरी सोपे. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या लावलेल्या आहेत ना, हेही पाहावे. त्या उघड्या राहिल्या की पाल आत शिरते, उंदीर वायर कुरतडतो. शेतमालाच्या गोदामाशेजारच्या दुकानांत हे नेहमीचे आहे.

वीजपुरवठा ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा घेतला की २९० चा प्रश्न मिटतो. ८० प्लस म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के पुढे पोचते, बाकीची उष्णता होते. ५५० लिहिलेला एसएमपीएस सतत ५५० ओढत नाही. यंत्राला लागेल तेवढीच वीज तो घेतो, त्यामुळे बिल वाढेल ही भीती निराधार आहे. यूपीएसचे मात्र पाहावे लागते. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच पेलतो, आणि बॅटरीवर गेल्यावर स्वस्त यूपीएसमधून निघणारी चौकोनी लहर काही नव्या एसएमपीएसला मानवत नाही. वीज जाताच यूपीएस चालू, संगणक बंद. भारनियमनाच्या गावात ही तक्रार घेऊन परत येणाऱ्याला दोष कुठे आहे ते कळत नाही, आणि तो नव्या बोर्डावर आळ घेतो.

अर्थिंगवर कारागीर इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त बोलतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, बॉडीला करंट येतो, असे सांगणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात, आणि गळणारा अतिसूक्ष्म प्रवाह अर्थच्या वायरीने जमिनीत जावा अशी योजना असते. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसेल, तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. टेस्टर लावला तर दिवा लागतो. प्रवाह फार थोडा असल्याने माणूस दगावत नाही, पण प्रिंटर किंवा कॅमेऱ्याची केबल लावताना यूएसबीचे पोर्ट जाऊ शकते. एसएमपीएसमध्ये पुढे काही बिघडले तर पत्र्यावर पूर्ण वीज येण्यापासून वाचवणारी वायरही हीच. जुन्या भाड्याच्या गाळ्यांत अर्थिंग नसते किंवा असून मेलेले असते. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा चांगली चालते, उन्हाळ्यात तडकून कोरडी पडली की तिचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते. नव्या यंत्रावर हजारो रुपये घालणाऱ्याने आधी वायरमन बोलावून तिसरे भोक तपासावे, हा सल्ला कारागीर देतो आणि बहुतेक गिऱ्हाइके तो कानाआड करतात. सगळ्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट हीच असावी.

जोडणी त्यामानाने लवकर होते. हात आधी पत्र्याला लावून अंगावरची स्थिर वीज घालवायची. कोरड्या हवेत ती जास्त साठते. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम आणि कूलर तिथेच बसवायचे. एलजीए १७०० या सॉकेटमध्ये १७०० केसासारख्या पिना उघड्या असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. या पिना वाकल्या तर वॉरंटी कामाला येत नाही. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरते. मग कॅबिनेट न जोडताच एकदा वीज देऊन पडद्यावर चित्र येते का ते पाहायचे, कारण दोष असेल तर तो इथे सापडलेला बरा.

कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड टेकू नये म्हणून खाली पितळी स्टँड लावतात. बोर्डाला भोक आहे तिथे स्टँड हवा आणि भोक नाही तिथे तो अजिबात नको, कारण बोर्डाच्या पाठीला चुकीच्या जागी टेकलेले पितळ शॉर्ट करते. नवशिक्याच्या हातून मेलेले बोर्ड बहुधा असेच मेलेले असतात. कारागीर स्टँड मोजतो, भोके मोजतो, पुन्हा स्टँड मोजतो. मागची चौकट बोर्डाच्या आधी बसवायची, हे विसरले की सगळे परत सोडावे लागते. २४ पिनचा प्लग आणि प्रोसेसरचा ८ पिनचा प्लग कट्ट आवाज होईपर्यंत दाबायचे. बटणाच्या दोन वायरी कशाही लावल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र उलट लावल्या की दिवा लागत नाही. वायरी पत्र्यामागून बांधून घेतल्या की हवेची वाट मोकळी राहते.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम झाले असे गिऱ्हाइकाला वाटते, आणि त्याच क्षणी दुसरे काम सुरू होते. कंपनीच्या यंत्राबरोबर आलेली विंडोज त्या बोर्डाशी बांधलेली असते. विंडोज ८ पासून तिची किल्ली बोर्डावरच्या चिपमध्येच साठवलेली असते. बोर्ड गेला की परवानाही गेला, नव्यासाठी नवा परवाना लागतो, आणि हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला बरा. पत्रिका छापणाऱ्यांची अडचण याहून खोल आहे. त्यांची वर्षांची कामे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेली असतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत अक्षराचा क्रमांक आणि अक्षर यांचे नाते त्या फॉन्टापुरतेच असते. फॉन्ट बरोबर आला नाही तर ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा ढीग दिसतो. श्रीलिपीच्या ज्या आवृत्तीला हार्डवेअर लॉक आहे तिचे लॉक आधी हाती घ्यावे. ते जुन्या समांतर पोर्टाचे असेल तर आजच्या बहुतेक बोर्डांवर ते पोर्टच नसते. जुन्या डिस्कवरचा फॉन्टांचा फोल्डर, कोरल ड्रॉच्या फाइली, कीबोर्डची मांडणी, सेवा केंद्र असेल तर अंगठ्याच्या यंत्राचे ड्रायव्हर, हे सगळे जुने यंत्र चालू असतानाच लिहून आणि उतरवून घेतले पाहिजे. या यादीशिवाय बोर्ड काढणाऱ्या कारागिराकडे यंत्र देऊ नये.

शेवटची परीक्षा दुपारी घेतात. दोन ते चार या वेळात, दुकानाचा कूलर बंद ठेवून, अल्बमची सर्वांत जड फाइल उघडून किंवा व्हिडिओ रेंडरला लावून तापमान पाहतात. सकाळी उत्तीर्ण झालेल्या यंत्राचा या जिल्ह्यात काही भरवसा देता येत नाही. प्रोसेसर ८५ च्या खाली राहिला, पंख्याचा आवाज स्थिर राहिला, यूपीएसची मुख्य वीज दोनदा काढली तरी यंत्र चालू राहिले, की बाजूचा पत्रा लावला जातो.

उरते ती जुनी पेटी. त्यातला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम मिळून एक चालते यंत्र असते. एसएसडी लावून ते शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा टायपिंगच्या वर्गाला देता येते, आणि हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग. बोर्ड मेलेला असेल तर कारागीर एसएमपीएस ठेवून घेतो. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का पाहतो आणि फळीवर रांगेत लावतो. ८ पिनचे असे २९० वॅट नव्या दुकानात सहज मिळत नाहीत आणि जिल्ह्यातल्या ७०२० यंत्रांना ते लागत राहतात. मेलेले बोर्ड भंगारात गेले की तांब्यासाठी आणि सोन्याच्या मुलाम्यासाठी जाळले किंवा आम्लात घातले जाण्याची भीती असते, आणि त्यातले शिसे मातीत उतरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. गाडीभर साठला की मोठ्या शहरातल्या अशा व्यावसायिकाकडे पाठवणे दुकानांना जमते, एकेका गिऱ्हाइकाला जमत नाही, म्हणून मेलेला बोर्ड घरी न नेता दुकानातच सोडावा. जुनी हार्डडिस्क मात्र सोडू नये. ती मालकाच्या हाती परत दिली जाते, आणि फोटो स्टुडिओवाल्याने निदान पुढची लग्नसराई नव्या यंत्रावर पार पडेपर्यंत ती पुसू नये.